शिलाईचं काम भरपूर आहे, तरी वीस तारखेला हातात पैसा नाही. कुठं चुकतंय?

सुईदोरा_सांगली

ताईंनो नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. माझा ब्लाऊज शिलाईचा व्यवसाय आहे, सात वर्षं झाली, आधी घरात करायचे आता दोन वर्षांपासून कॉलनीतच छोटा गाळा घेतलाय. काम खरंच भरपूर आहे, देवाच्या कृपेने गिऱ्हाईक तुटत नाही. साधं अस्तरचं ब्लाऊज ४५०, पॅटर्न असेल तर ८०० ते १२००, आरी वर्क मी बाहेरून करून घेते, त्याचे वेगळे. पण महिन्याच्या वीस तारखेला कोणी शंभर रुपये मागितले तरी द्यायला नसतात अशी वेळ येते आणि हे दर दोन-तीन महिन्यांनी होतंच.

यंदा तर फारच झालं. एप्रिलमध्ये ४१,००० आले, मे मध्ये २२,०००, आणि जूनमध्ये आजपर्यंत साडेअकरा हजार. अधिक महिना आला ना ज्येष्ठात, १७ मे पासून १५ जून, लग्नंच नाहीत, लेकी-जावयांना वाण द्यायला साड्या घेतल्या लोकांनी पण ब्लाऊज "बघू नंतर शिवू". आणि नेमकी जूनमध्येच दोन्ही मुलांची फी, पहिला हप्ता १२,०००. तो अजून भरलेला नाही, शाळेतून दोन वेळा मेसेज आलाय, मुलगी विचारते आई कधी भरणार, तेव्हा पोटात कालवतं.

खर्च सांगते म्हणजे तुम्हाला कळेल. गाळ्याचं भाडं ३,५००, लाईट ९०० च्या आसपास, मदतीला एक मुलगी आहे तिला ६,०००, मशीन आणि ओव्हरलॉकसाठी गटातून कर्ज घेतलं होतं त्याचा हप्ता दर पंधरवड्याला १,७००, भिशी ३,०००, पोस्टात आरडी २,००० (१४ हप्ते झालेत, एकही चुकवला नाही). अस्तर, कॅनव्हास, हूक, दोरा हे वेगळं, आणि आरी वर्कवाल्याला रोख, तो उधार ठेवत नाही. घरात मिस्टरांच्या पगारातून घराचं कर्ज आणि किराणा जातो, मुलांची फी, दूध, गॅस, मोबाईल, आलंगेलं माझ्याकडे. गिऱ्हाईकांचे पैसे बरेचसे ऑनलाईन येतात, ते मिस्टरांच्या नंबरवर आहे, लागले की मागून घेते.

मी उधळी नाही हो. स्वतःसाठी साडी घेऊन वर्ष झालं. एप्रिलमध्ये फ्रीज घेतला तेवढाच मोठा खर्च, जुना पार गेलेला. दांडीला तयार ब्लाऊज लटकलेले आहेत, वहीत ऑर्डरी आहेत, मग पैसा जातो कुठं? मैत्रीण म्हणते अजून एक कर्ज घे आणि हे मोकळं कर. घेऊ का?

कटिंगवाली_कराड

नवीन कर्ज अजिबात घेऊ नकोस, आधी माझं ऐक. तू एक वाक्य सहज लिहून गेलीस, "दांडीला तयार ब्लाऊज लटकलेले आहेत". किती आहेत? मोजलेत कधी? माझं पण शिलाईचंच दुकान आहे, चौदा वर्षं झाली, आणि माझे डोळे उघडले ते त्या दांडीमुळेच. दिवाळीनंतर एकदा दुकान आवरताना सगळे खाली काढले आणि एकेकाची पावती लावत बसले तर ३४ निघाले! काही तर मागच्या गौरी-गणपतीतले. शिवून झालेलं, अस्तर माझं, मुलीची मजुरी माझी, लाईट माझी, आणि पैसे गिऱ्हाईकाच्या पर्समध्ये. बाई म्हणते "ताई येते हं या आठवड्यात" आणि येत नाही, कारण तिला आत्ता कार्यक्रम नाही, तिला कसली घाई. घाई आपल्याला आहे, पण आपण मागत नाही, भीड वाटते.

त्यानंतर मी नियम केला की निम्मे पैसे दिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. कितीही जुनी ओळख असू दे, शेजारीण असू दे. आरी वर्क असेल तर त्या वर्कचे पूर्ण पैसे आधी, कारण कारागीर आपल्याकडून रोख घेतो, मग आपण का अडकायचं. सुरुवातीला दोन बायका रागावून गेल्या, एक परत आली, एक नाही आली, ठीक आहे. पावतीवर खाली छापूनच घेतलं, "तयार झाल्यापासून १५ दिवसांत न्यावे". दंड वगैरे मी लावत नाही पण छापलेलं असलं की बोलायला धीर येतो.

आणि तयार झालं की त्याच संध्याकाळी फोटो काढून पाठवायचा. "तुमचं ब्लाऊज तयार आहे, ६५० रुपये बाकी आहेत, उद्या दुपारी चारपर्यंत आहे मी दुकानात." रक्कम लिहायचीच. नुसतं "तयार आहे" लिहिलं की येतात आणि म्हणतात अगं पैसे आणायचे राहिले. मग आपण म्हणतो असू दे पुढच्या वेळी द्या, आणि ते पुढच्या वेळी आपण विसरतो.

आज रात्री मोज आणि इथे आकडा सांग.

आकडेमोड

मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात हिशोबाचं काम करते, छोट्या धंद्यांच्या वह्या रोज बघते. सुईदोरा ताई, तुमचा धंदा नफ्यात आहे असं मला दिसतंय, तेव्हा आधी मनातून "माझं काहीतरी चुकतंय, मी नालायक आहे" हे काढून टाका. नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची गोष्ट अशी आहे की तुमचे सगळे हप्ते इंग्रजी तारखेला आहेत आणि तुमची सगळी कमाई तिथीवर आहे.

तुमचेच आकडे घेते. भाडं ३,५००, लाईट ९००, मदतनीस ६,०००, कर्जाचे दोन हप्ते मिळून ३,४००, भिशी ३,०००, आरडी २,०००. बेरीज १८,८००. हे तुम्ही एक टाकासुद्धा न घालता दर महिन्याला जाणारच. जूनमध्ये आले ११,५००. म्हणजे अस्तर-दोरा, दूध, गॅस, फी यातलं काहीही धरायच्या आधीच ७,३०० कमी पडले. आणि कर्जाचा हप्ता पंधरवड्याला म्हणजे दर चौदा दिवसांनी असेल तर वर्षात २६ हप्ते होतात, २४ नाही, म्हणून वर्षातून दोन महिने असे येतात की तीन हप्ते पडतात. ते दोन महिने कोणते हे कार्डावरच्या तारखा बघून आजच काढून ठेवा, बऱ्याच बायकांना हे माहीतच नसतं आणि त्या महिन्यात गळ्याशी येतं.

आता एप्रिलचे ४१,०००. ते एप्रिलचे नव्हतेच ताई. त्यातले निम्मे जूनचे होते. फ्रीज घेतलात त्यात चूक नाही, लागतोच, पण घेताना तो एप्रिलच्या पैशांनी घेतला असं वाटलं, खरा तो जूनच्या फीच्या पैशांनी आला.

म्हणून एक काम करा, भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि पुढच्या वर्षभराचं पेन्सिलीने लिहा. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, मग पौष, संक्रांतीचं हळदीकुंकू, मग पुन्हा लग्नसराई, अक्षय्य तृतीया. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होते, म्हणजे तुमचा सीझन जवळजवळ तीन आठवडे पुढं गेला. दिवाळी गेल्या वर्षी ऑक्टोबरात होती, यंदा नोव्हेंबरात आहे. तुम्ही "गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बरे पैसे आले होते" असं धरून चालाल आणि यंदाचा ऑगस्ट फसवेल. अधिक महिना तर तीनेक वर्षांतून एकदा येतोच, २०२३ ला अधिक श्रावण होता पण तेव्हा चातुर्मासच असल्यामुळे तुम्हाला जाणवला नसेल, यंदा तो बरोबर लग्नसराईच्या डोक्यावर बसला. प्रत्येक महिन्यासमोर दोन आकडे लिहा, अंदाजे येणार किती आणि नक्की जाणार किती. येणार तो आकडा हात राखून लिहायचा, जाणार तो पैसा न लपवता.

मग घरासाठी तुम्ही दरमहा ठराविक रक्कम घ्यायची, समजा ९,०००. एप्रिलमध्ये पण ९,००० आणि जूनमध्ये पण ९,०००. चांगल्या महिन्यात वरचे सगळे बाजूला राहतात, वाईट महिन्यात त्यातून भरायचं. सवय लागायला चार-सहा महिने जातात. पहिल्या चांगल्या महिन्यात हात शिवशिवतो, घरचे पण म्हणतात एवढे आले मग दे की, तेव्हा घट्ट राहायचं.

आरडीबद्दल. तुमचे १४ हप्ते झालेत म्हणजे २८,००० जमा. बारा हप्ते भरलेले असतील आणि खातं वर्षभर चालू असेल तर पोस्ट जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज देतं, म्हणजे तुम्हाला १४,००० पर्यंत, आणि व्याज आरडीच्या दरापेक्षा फक्त २ टक्के जास्त. फीचे १२,००० त्यातून निघतात. सोनं गहाण टाकायच्या किंवा हातउसने घ्यायच्या आधी पासबुक घेऊन पोस्टात जाऊन या. आणि पुढच्या लग्नसराईत पैसे आले की आरडीचे सहा हप्ते एकदम आगाऊ भरता येतात, त्यावर थोडी सूटही मिळते, मग पुढचे सहा महिने तो २,००० चा भार डोक्यावर नाही. हे फार कमी जणी करतात.

मोगरा७६

सगळ्यांनी छान सांगितलंय पण मला जे वाचताना टोचलं ते कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पैसे मिस्टरांच्या नंबरवर येतात आणि "लागले की मागून घेते". अगं तुझी कमाई आहे ना ती? मिस्टर वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, माझेही असेच साधे आहेत. पण त्यांच्या खात्यात त्यांचा पगार येतो, घराच्या कर्जाचा हप्ता कापला जातो, पेट्रोल, रिचार्ज, कोणाला उसने, आणि त्यातच तुझे ६५० आणि ९०० मिसळून जातात. महिन्याच्या शेवटी तुझे किती आले हे त्यांनाही सांगता येणार नाही आणि तुलाही नाही. मग तुझ्या वहीतला ४१,००० हा आकडा तरी खरा कशावरून?

माझ्या आईची गोष्ट सांगते. आई शेवया आणि पापड करून विकायची, पैसे तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. बाबांना माहीत नाही, आम्हाला माहीत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री टीव्हीवर नोटबंदी जाहीर झाली आणि आई स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ परातीत ओतून बसली. साडेसतरा हजार होते, सगळ्या पाचशेच्या नोटा. मी जाऊन बघते तर नोटांना तांदळाची पांढरी भुकटी लागलेली, आणि ती पदराने एकेक नोट पुसत होती. बाबा काही बोलले नाहीत, पण आईला जी शरम वाटली ती मी विसरू शकत नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे आणि चोरी पकडल्यासारखं तोंड. दुसऱ्या आठवड्यात रांगेत उभं राहून भरले तिने, खातं बाबांचं, कारण तिचं नव्हतंच. ते पैसे पुन्हा तिच्या हातात पूर्ण कधी आलेच नाहीत, छपराच्या पत्र्याला गेले.

म्हणून सांगते, लपवून पण ठेवू नको आणि मिसळू पण देऊ नको. स्वतःच्या नावाचं खातं, त्याला जोडलेला स्वतःचा नंबर, आणि गाळ्यात त्याच खात्याचा क्यूआर. जनधनचं खातं असेल तरी चालेल, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. रोज रात्री गल्ल्यातली रोख मोजून वहीत, आणि खात्यात आलेले वहीत, पाच मिनिटं लागतात. मिस्टरांना वही उघडी दाखव, त्यांनाही कळू दे की जूनमध्ये काय होतं.

आणि लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर ते कुठल्याही हप्त्याला बांधू नको, कधी उशिरा येतात. आले की बाजूला टाक.

गावाकडची

मी बचत गटांसोबत काम करते, बावीस गट बघते. कर्जाबद्दल बोलते कारण मैत्रिणीने जो सल्ला दिलाय ना "अजून एक घे आणि हे मोकळं कर" त्याने मी डोळ्यांदेखत चांगल्या बाया बुडालेल्या बघितल्यात. एकीचा हप्ता सोमवारी, दुसरीकडचा बुधवारी, तिसरीकडचा शुक्रवारी, आणि बाई आठवडाभर नुसती हप्ता गोळा करत फिरते. शिवायला बसायचं कधी?

आधी हे बघा की तुमचं कर्ज गटातलं म्हणजे कुठलं. स्वतःच्या बचत गटाचं अंतर्गत कर्ज असेल तर बऱ्याच ठिकाणी शेकडा २ रुपये महिना असतं, ऐकायला थोडं वाटतं पण वर्षाचे २४ टक्के झाले. तरी ते व्याज गटातच राहतं आणि अडचणीच्या महिन्यात बैठकीत हात वर करून सांगता येतं की यंदा अधिक महिना होता, दोन महिने फक्त व्याज भरते. बाया समजून घेतात. पण पंधरवड्याला हप्ता म्हणताय म्हणजे मला ते फायनान्स कंपनीचं वाटतंय. तसं असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, १ एप्रिल २०२२ पासूनचे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाता कामा नयेत, यात तुमच्या घराचं कर्ज पण धरायचं. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. आणि वसुलीला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, घरच्यांना धमकावायचं नाही. हे तोंडपाठ ठेवा. त्यांच्याकडे लेखी तक्रारीची सोय असावीच लागते, कार्डावर नंबर असतो.

भिशीचं पण सांगते. तुमची भिशी चिठ्ठीची आहे की लिलावाची? चिठ्ठीची असेल तर बारा जणी म्हणजे ३६,००० एकदम मिळतात, मग ते कधी मिळतात याला फार किंमत आहे. तुम्हाला जानेवारीत मिळून उपयोग नाही, तेव्हा लग्नसराईचे पैसे हातात असतात. तुम्हाला पाहिजेत ऑगस्टमध्ये, सीझनच्या आधी अस्तराचे तागे होलसेलमध्ये भरायला. भिशी चालवणाऱ्या बाईला आत्ताच सांगून ठेवा, कोणाशी तरी नंबर बदलून घ्या. लिलावाची असेल, म्हणजे जी जास्त रक्कम सोडेल तिला आधी मिळते तशी, आणि घाईत बोली लावत असाल तर नका लावू, कितीतरी हजार तिथेच सुटतात. आणि चालवणारी ओळखीची, शेजारची, वर्षानुवर्षं एकाच गावात राहणारी असेल तरच भिशी. आमच्याकडे एकजण तीन भिश्या घेऊन रातोरात गेली, बाया अजून रडतात.

आकडेमोड

गावाकडची ताई, ऑगस्टचा मुद्दा एकदम बरोबर. फक्त एक, ३६,००० आले की ते धंद्याचे, फीचे नाहीत. फी वेगळ्या ठिकाणाहून.

दोन_मुलींची_आई

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका कोणी. मदतनीस मुलीचे ६,००० कमी करता येतील असं कोणाच्या मनात येईल, मंदीच्या महिन्यात तिला येऊ नको म्हणायचं. ते करू नका ताई. माझं ब्यूटी पार्लर आहे, मी केलं होतं. दोन महिने थांब म्हटलं आणि सीझनला ती दुसरीकडे लागलेली, नवीन मुलीला शिकवण्यात पूर्ण नवरात्र गेलं. तिला मंदीत पिको-फॉल, जुन्या ब्लाऊजची दुरुस्ती, उसवून सैल करणं असली कामं द्या, छोटी असतात पण रोख येते, त्याच दिवशी येते. आमच्या इथे एक टेलर आषाढात फक्त अल्टरेशनची पाटी लावते.

मुलीच्या नावाने काही करत असाल तर सुकन्या समृद्धीचं खातं तुमच्यासारख्यांना बरं, वर्षाला २५० भरले तरी चालू राहतं आणि वर्षात कधीही कितीदाही भरता येतं, दीड लाखापर्यंत. दर महिन्याची सक्ती नाही. मुलगी दहाच्या आतली पाहिजे मात्र.

सुईदोरा_सांगली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उत्तर द्यायला आठवडा लागला.

कराडच्या ताई, त्याच रात्री मोजले. २७ निघाले. बाकी रक्कम १६,८५०. मी खाली फरशीवर सगळे पसरले आणि बराच वेळ नुसती बघत बसले, मुलगी म्हणाली आई ही तर माझी फी आहे. मग रात्रीच फोटो काढले, दुसऱ्या दिवशी सकाळी रकमेसकट मेसेज पाठवले सगळ्यांना, हात थरथरत होता खरं सांगते, एका बाईंना तर पाठवायला दोन तास लागले कारण त्या माझ्या नणंदेच्या जाऊबाई. त्याच पहिल्या आल्या, पैसे सुटे मोजून देऊन गेल्या आणि म्हणाल्या मला वाटलं तूच निरोप देशील. रविवारपर्यंत ११ गेले, ७,४०० आले. एक पिवळं आरी वर्कचं ब्लाऊज एप्रिलच्या लग्नातलं, नवरीने ऐनवेळी दुसरंच घातलं म्हणे, ती आता बंगळुरूला आहे. तिच्या आईला फोन केला, उद्या येते म्हणाल्या.

पोस्टात पण जाऊन आले. कर्ज मिळतंय पण मी फक्त ५,००० चा अर्ज केला, फी काल भरली. आरडी मोडली नाही.

कर्जाच्या कार्डावर तारखा बघितल्या, ऑगस्टमध्ये तीन हप्ते आहेत. ३, १७ आणि ३१. मला खरंच माहीत नव्हतं, कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलाय. नवीन कर्ज घेत नाही, मैत्रिणीला पण हे सगळं वाचायला दिलं.

भिशी चिठ्ठीची आहे. माझा नंबर नोव्हेंबरचा आहे, ऑगस्टवाल्या वहिनींना विचारलंय, त्यांना दिवाळीनंतर मुलाच्या क्लासला लागणार आहेत तर बदलून देते म्हणाल्या, भिशीच्या दिवशी सगळ्यांसमोर ठरेल.

मोगरा ताई, तुमच्या आईचं वाचून मी रडले. माझ्या आईचे पैसे पण डाळीच्या डब्यात असायचे. मिस्टरांशी बोलले, त्यांना वाईट वाटलं आधी, म्हणाले मी काय खातो का तुझे पैसे. मी वही दाखवली, जूनचं पान. ते गप्प बसले थोडा वेळ, मग म्हणाले शनिवारी मला सुट्टी आहे, बँकेत जाऊ. माझं खातं आहे जुनं, नंबर बदलावा लागेल त्याला. क्यूआर आला की गाळ्यात मशीनच्या वरच्या भिंतीला लावणार आहे, समोरच दिसेल असा.

एकच विचारायचंय, निम्मे आगाऊ मागताना सख्ख्या जावेला पण मागायचे का? तिची चार ब्लाऊजं कालच आलीत कापायला.

कटिंगवाली_कराड

तिला आधी माग. बाकीच्यांना मग सोपं जातं.